विश्लेषण : बालवाडीच्या पुस्तकाची परीक्षा कोण घेणार?

जून उजाडला की मुंबई-गोवा महामार्गावरच्या तळेऱ्यासारख्या बाजारगावात वह्या-पुस्तकांची खरेदी सुरू होते. कासार्डे, ओझरम, खारेपाटण ही आसपासची गावे याच रस्त्याला जोडलेली. मराठी शाळेत पहिलीपासून पुढे पुस्तके बालभारतीची असतात, तिथे पालकाला निवड करावी लागत नाही. निवड असते ती त्याआधीच्या वयासाठी. ‘नर्सरी’, ‘ज्युनिअर केजी’, ‘सीनिअर केजी’ असे छापलेले संच, गिरवण्याच्या पाट्या, स्टिकरची पुस्तके, अक्षरांचे तक्ते. यातले काय तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावे आणि काय देऊ नये, हे तपासून सांगणारी अधिकृत व्यवस्था राज्यात नाही. अंगणवाडीतले साहित्य सरकारी असते, पण गेल्या तीन-चार वर्षांत तेही झपाट्याने बदलते आहे. मूल गावातल्या अंगणवाडीत ठेवायचे की व्हॅनमध्ये बसवून बाजारातल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गात पाठवायचे, हा निर्णय अनेक घरांत पुस्तकांकडे बघूनच होतो. ‘तिथे पुस्तक आहे, इथे नुसता खाऊ’ हे वाक्य सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीवर ऐकू येते. म्हणून त्या पुस्तकाची परीक्षा कशी करायची, हे पाहणे गरजेचे आहे.

हा प्रश्न आत्ताच का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा ‘पायाभूत स्तर’ ठरवला. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांची एकच साखळी झाली. त्यानंतर कागदपत्रांची रांग लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तरासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी, चित्रकार्डे, गोष्टींची पुस्तके, भित्तिपत्रके यांचा संच १३ भारतीय भाषांत जाहीर केला. त्याच वर्षी मे महिन्यात महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण भी पढाई भी’ ही मोहीम सुरू केली आणि २०२४ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’, तर शून्य ते तीनसाठी ‘नवचेतना’ हे आराखडे दिले. महाराष्ट्राचा पायाभूत स्तराचा स्वतःचा आराखडाही २०२४ चाच. राज्यातल्या अंगणवाड्यांत त्याआधीपासून ‘आकार’ हा अभ्यासक्रम होताच.

इतकी नावे एका पाठोपाठ आल्यावर सेविकेने नक्की कोणती पुस्तिका उघडायची, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. प्रत्येक नवे नाव म्हणजे नवी छपाई, नवे प्रशिक्षण आणि कपाटात जुन्या संचावर ठेवलेला नवा संच. जुना संच काम देत होता की नाही, हे पाहून नवा आणला गेला का? मुद्रित साहित्याच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही.

जबाबदारी कोणाची?

अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, पहिलीचा वर्ग शालेय शिक्षण विभागाकडे, आणि खासगी बालवाडी बराच काळ कोणाकडेच नाही, अशी ही विभागणी आहे. बालवाडी प्रवेशातल्या मुलाखती रोखण्यासाठी राज्याने १९९६ मध्ये कायदा केला. पण तो प्रवेशापुरता होता. आत गेल्यावर मुलाला काय शिकवतात, याला त्याने हात लावला नाही. २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितले. हे पाऊल उशिरा का होईना, आवश्यकच होते. मात्र या नोंदणीचा भर व्यवस्थापन, मुलांची संख्या, इमारत, स्वच्छतागृह, कर्मचारी अशा तपशिलांवर आहे. केंद्रात कोणती पुस्तके वापरतात, ती कोणत्या वयाला देतात, हे तिच्या केंद्रस्थानी नाही.

त्यामुळे खासगी बालवाडीतले पुस्तक निवडतो कोण? बहुतेक वेळा संस्थाचालक, आणि त्याला ते दाखवतो प्रकाशकाचा प्रतिनिधी. संचाचे पैसे प्रवेशशुल्कातच धरलेले असतात, म्हणून पालकाला पुस्तक नाकारण्याची सोयही उरत नाही. यात कोणी लबाडी करतो असे म्हणायचे नाही. पण पुस्तक निवडण्याचे निकष विक्रेत्याने पुरवायचे, ही गोष्ट तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तरी चालायला नको.

पुस्तकच नको, असे आराखडा खरेच म्हणतो?

हो, आणि पुरेशा स्पष्टपणे. २०२२ चा राष्ट्रीय आराखडा सांगतो की तीन ते सहा या वयात मुलांसाठी ठरावीक पाठ्यपुस्तक असू नये. गरज पडेल तेव्हा साध्या कृतिपत्रिका द्याव्यात. बाकी काम खेळणी, ठोकळे, कोडी, चित्रे, गोष्टी, गाणी आणि भोवतालच्या वस्तूंनी व्हावे. पाठ्यपुस्तक सुरू होते ते पहिलीला. म्हणजे ‘नर्सरी’ असा शिक्का मारलेला सात-आठ पुस्तकांचा संच हा देशाच्या आराखड्याशी सरळ विसंगत आहे. तरीही तो उघडपणे विकला जातो, कारण आराखडा म्हणजे कायदा नव्हे.

इथे एका विरोधाभासाकडे लक्ष वेधावेसे वाटते. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी या निर्णयावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय २९ जूनला मागे घ्यावे लागले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचा बोजा नको, हा युक्तिवाद योग्यच होता. पण त्याच काळात तीन वर्षांचे मूल घरी मालवणी बोलत, बालवाडीत मराठी ऐकत, इंग्रजी अक्षरे गिरवत होते, त्याबद्दल कोणी मोर्चा काढला नाही.

साहित्य तपासायचे म्हणजे नेमके काय?

बालवाडीचा दर्जा मोजण्याच्या पट्ट्या जगात आहेत. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड या अमेरिकन संशोधकांनी १९८० मध्ये तयार केलेली मोजपट्टी सर्वांत प्रसिद्ध. निरीक्षक वर्गात काही तास बसतो आणि जागा, खेळसाहित्य, बोलणे-ऐकणे, दिनक्रम अशा बाबींना एक ते सात गुण देतो. भारतात एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशनने तमिळनाडूसाठी तिचे स्थानिक रूप तयार केले होते. पण ही मोजपट्टी वर्गाची आहे, छापील साहित्याची नाही. उत्तम वर्गात वाईट पुस्तक असू शकते आणि उत्तम पुस्तक कुलपात असू शकते.

मग साहित्याचीच थेट परीक्षा घेतली तर? अमेरिकेत तसे करून पाहिले गेले. तिथल्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने बालवाडीच्या १४ अभ्यासक्रमांची तपासणी केली. कोणत्या वर्गाला नवा अभ्यासक्रम द्यायचा आणि कोणत्या वर्गात पूर्वीचाच ठेवायचा, हे सोडतीने ठरवले, म्हणजे तुलनेत पक्षपात राहू नये. २००८ मध्ये अहवाल आला तेव्हा निष्कर्ष प्रकाशकांना न रुचणारा होता. बहुतेक अभ्यासक्रमांनी मुलांच्या शिकण्यात मोजता येईल असा वेगळा फरक पाडला नव्हता. याचा अर्थ साहित्य बिनमहत्त्वाचे, असा नाही. मुखपृष्ठावर ‘संशोधनावर आधारित’ लिहिले म्हणजे परीक्षा झाली असे धरू नये, इतका मात्र नक्की आहे.

तेव्हा तळेऱ्याच्या परिसरात बसून एखादे पान तपासायचे तर आधी हे विचारावे : हे पान मुलाला काय करायला लावते? समजा, पानावर चार कावळे आहेत आणि खाली सूचना आहे, ‘मोज आणि ४ गिरव’. मूल एकदा बोट फिरवते, मग ओळभर चारचा आकडा काढते. मोजणे दहा सेकंदांचे, गिरवणे दहा मिनिटांचे. मोजण्याचे पान म्हणून विकलेले हे पान प्रत्यक्षात गिरवण्याचे आहे. आता दुसरे साहित्य बघा. सेविकेच्या हातातले कार्ड सांगते : खळ्यात पाच दगड मांडा, एक करवंटीखाली लपवा, किती उरले ते विचारा, मग मुलांना एकमेकांसाठी लपवू द्या. यात कागद नाही, रंग नाही, घरी नेऊन दाखवायला काही नाही. पण मूल मोजते, वजा करते, पाळी येईपर्यंत थांबते आणि सोबत्याला फसवण्याचा आनंदही घेते. पालकाच्या नजरेत पहिले साहित्य ‘अभ्यास’ आणि दुसरे ‘टाइमपास’ ठरते. सगळी अडचण इथे आहे, आणि सेविकेलाही ती पक्की ठाऊक असते. पालक विचारणार म्हणून तीही मग पाटी काढते.

गिरवण्याबद्दल थोडे अधिक. तीन वर्षांच्या मुलाची बोटे पेन्सिल पेलायला तयार नसतात. मूठ आवळून ते रेघ ओढते, आणि ते तसेच ओढायचे असते. त्या बोटांना माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे, भाजी निवडणे हे व्यायाम लागतात. पहिल्याच पुस्तकात पानेच्या पाने तुटक रेषांची अक्षरे असतील, तर त्या पुस्तकाचा लेखक मुलाच्या वयापेक्षा पालकाच्या घाईचा विचार करतो आहे, असे समजायला हरकत नाही.

दुसरी कसोटी भाषेची. सिंधुदुर्गातल्या मुलाच्या घरी कोंबडा ‘कोंबो’ असतो, ओढा ‘व्हाळ’ असतो, नारळाचे झाड ‘माड’ असते आणि खेकड्याला ‘कुर्ली’ म्हणतात. चित्रावर बोट ठेवून मूल ‘कुर्ली’ म्हणाले आणि पानावर ‘खेकडा’ लिहिले असेल, तर बाईंनी काय करायचे? चांगल्या साहित्यात याचे उत्तर सेविकेसाठीच्या सूचनेत असते : घरचा शब्द आधी घ्या, त्यावर बोला, मग पुस्तकातला शब्द शेजारी ठेवा. आराखडेही मातृभाषेचाच आग्रह धरतात. पण मुंबई-पुण्यात तयार होणाऱ्या पुस्तकात ‘मातृभाषा’ म्हणजे प्रमाण मराठी, असे गृहीत असते. आणि इंग्रजी संचांत तर ‘आय फॉर इग्लू’ अजून ठाण मांडून आहे. मुसळधार पावसात डोक्यावर इरले घेतलेली आजी बघणाऱ्या मुलाला बर्फाचे घर दाखवू नये असे नाही. गोष्टीत जरूर दाखवावे. पण अक्षराची ओळख करून द्यायला न पाहिलेली वस्तू घेतली, की मूल अक्षर आणि वस्तू दोन्ही पाठ करते, समजत दोन्ही नाही.

तिसरी कसोटी छापखान्यात कोणाच्या लक्षात येत नाही. कोकणातल्या वाड्या विरळ, मुले कमी. अंगणवाडीत तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकाच खोलीत, एकाच सेविकेसमोर असतात. ‘बालवाटिका’ एक, दोन आणि तीन अशी स्वतंत्र वर्षांची आखणी कागदावर नीट दिसते. ती वापरायची कशी, हे मात्र त्या एका खोलीत ठरते. एकच गोष्ट सांगून लहानग्याला चित्र ओळखायला, मधल्याला क्रम लावायला आणि मोठ्याला शेवट बदलून सांगायला देता येईल, असे साहित्य इथे चालते. तीन वेगवेगळ्या पुस्तिका एकाच वेळी उघडायला लावणारे साहित्य चालत नाही, मग ते कितीही शास्त्रशुद्ध असो.

स्थानिक वस्तू म्हणजे आपोआप चांगल्या?

या विषयात महाराष्ट्राला बाहेरून शिकण्याइतकेच स्वतःकडून शिकण्यासारखे आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला तेव्हा माँटेसोरी साधने महाग आणि शहरी होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि १९५७ मध्ये हे काम आजच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथे शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. आदिवासी पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे तो प्रयोग आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिची केंद्रे पुढे याच नावाने ओळखली गेली.

कोसबादचे वैशिष्ट्य ‘स्वस्त आणि मस्त’ हे नव्हते. कोणती वस्तू कशासाठी, कोणत्या वयाला, कोणत्या क्रमाने, हे तिथे मुलांसमोर वापरून ठरवले जात होते. आज ‘स्थानिक साहित्य वापरा’ अशी एक ओळ लिहून पुस्तिका मोकळी होते. कोकणात ही ओळ धोक्याचीही ठरू शकते. मोजायला गुंजा घ्या म्हणावे, तर गुंज विषारी. तिचे दाणे अंगणवाडीत येताच कामा नयेत. काजूच्या बिया इथे ढिगाने मिळतात, पण कच्च्या बीच्या टरफलातल्या तेलाने त्वचा भाजते, आणि तीन वर्षांचे मूल हातात आलेली वस्तू आधी दाताखाली धरते. चिंचोके, सागरगोटे मोठ्या मुलांना ठीक. लहानांच्या नाका-कानात जाणाऱ्या आकाराचे काहीही मोजायला देऊ नये. करवंट्या, मोठे शिंपले, माडाच्या झावळीची पाती, फणसाची पाने, नदीतले गोटे ही खरी संपत्ती. पण ही यादी राज्यस्तरावर होणार नाही. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावरची यादी वेगळी, तळेरे-वैभववाडीकडची वेगळी.

अंगणवाडीतल्या संचाचे काय?

केंद्राने पूर्वशालेय साहित्यासाठीची तरतूद प्रत्येक अंगणवाडीला वर्षाला ३ हजारांवरून ५ हजार रुपये केली आहे. ‘आधारशिला’त वर्षाची मांडणीही नेटकी आहे : सुरुवातीचे चार आठवडे मुलांना रुळवण्याचे, ३६ आठवडे प्रत्यक्ष शिकण्याचे, आठ आठवडे उजळणीचे, आठवड्याला पाच अधिक एक दिवस, दिवसात कृतींचे तीन भाग. कागद म्हणून हा बाजारातल्या बहुतेक संचांपेक्षा सरस आहे, हे म्हटलेच पाहिजे. अंगणवाडीत ‘नुसता खाऊ’ असतो असे म्हणणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

पण दिवसाचे तीन भाग भरायचे ते सेविकेने. तिच्याकडे आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाचा दिवस, गृहभेटी, मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर आणि अधूनमधून येणारी सर्वेक्षणेही आहेत. साहित्याच्या परीक्षेत तिच्या वेळेचा हिशेब धरला नाही, तर ती परीक्षा अर्धीच. एखादी कृती तयार करायला किती वेळ लागतो? मदतनीस एकटी असताना ती घेता येईल का? पावसाळ्यात खळे चिखलाने भरलेले असताना, खोलीत दहा मुले असताना ती जमेल का? आणि हरवलेला ठोकळा कोणाला ‘जमा’ दाखवायचा? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण हिशेबाच्या धास्तीने खेळणी कपाटात राहतात हे अंगणवाडीत जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. झिजलेले, डागाळलेले, दोन तुकडे हरवलेले कोडे हे वापराचे लक्षण मानावे. नवेकोरे कोडे पाहून पर्यवेक्षिकेने खूश होण्याचे कारण नाही.

मुलांच्या शिकण्यावर खरेच फरक पडतो?

असर सेंटर आणि दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातील बालशिक्षण केंद्राने आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे १४ हजार मुलांचा काही वर्षे पाठपुरावा केला. २०१७ मध्ये आलेल्या त्या अहवालाने दोन्ही बाजूंना आरसा दाखवला. खासगी बालवाड्या प्राथमिक शाळेचा अभ्यास खाली ओढून आणतात, लिहिणे-वाचणे-आकडे याच्या पलीकडे फारसे जात नाहीत. आणि अंगणवाड्यांत शिकण्याचे काम फारच थोडे होते. शाळेत जाण्यापूर्वी मुलांची जी तयारी हवी, ती दोन्हीकडे कमी पडत होती. म्हणजे ‘पुस्तक तिथे, खाऊ इथे’ ही तुलना दोन अपुऱ्या गोष्टींची आहे.

मग काय करता येईल?

फार मोठी यंत्रणा लागत नाही. खासगी केंद्रांच्या नोंदणीत एक रकाना वाढवता येईल : मुलाच्या हातात देत असलेल्या प्रत्येक पुस्तकाचे नाव, वय आणि पालकाकडून घेतलेली किंमत. ही माहिती सर्वांना पाहता आली, की निम्मे काम होईल. सरकारी साहित्यासाठी, राज्यभर छपाईपूर्वी प्रत्येक विभागातल्या काही अंगणवाड्यांत ते महिनाभर वापरून बघावे आणि सेविकांनी टाकाऊ ठरवलेली पाने खरोखर काढावीत. बालवाडीचे साहित्य पुण्यात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत तयार होते आणि वापरले जाते दुसऱ्याच विभागात. त्या दोघांना एका टेबलावर बसवण्याचे काम जिल्हा परिषदेच्या पातळीवर होऊ शकते. मालवणी शब्दांची आणि घातक बियांची यादी करायला तर शासन निर्णयाचीही गरज नाही. प्रकल्पातल्या सेविकांच्या मासिक बैठकीत ती एका दुपारी पुरी होईल.

पालकाला मात्र बैठकीची वाट बघता येत नाही. दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर त्याने तीन पाने उघडावीत : पहिले, मधले आणि शेवटचे. तिन्हींवर मुलाने फक्त गिरवायचेच असेल, तर पैसे वाचवावेत आणि गोष्टीचे एखादे चित्रपुस्तक घ्यावे. अंगणवाडीत गेल्यावर ‘आज काय शिकवले?’ याऐवजी ‘आज कोणता खेळ झाला?’ असे विचारावे. बाईंना तो प्रश्न नवा वाटेल. दुसऱ्या आठवड्यात त्या कपाट उघडू लागतील.